सलमाचे सतरा रोजे

मला राग लवकर येतो, ह्यात लपवण्यासारखं काय नाय. तीस वर्षं महाड ते भोर टेम्पो चालवला. वरंध घाटात चुकीच्या बाजूने येणारा एकेक जण माझ्या शिव्या खाऊन गेलाय. घरात मात्र ती सोय नव्हती. मी आवाज चढवला की सलमा, माझी बायको, नुसती बघत राहायची. तेवढ्यात माझा निम्मा राग उतरायचा.

तिच्या पोटातला कॅन्सर सापडला तेव्हा यकृतापर्यंत पोचला होता. मुंबईला दोन केमो झाल्या. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषधाचा फायदा नाय, त्रासच होईल. घरी न्या, दुखणार नाय एवढं बघू. गाडीत बसल्या बसल्या सलमाने विचारलं, "काय म्हणाले?"

"थोडी विश्रांती घे म्हणाले. मग परत बघू."

"मला सगळं म्हाईत हाय," ती म्हणाली. "आता घरीच राहीन. अल्लाने जेवढे लिहिलेत तेवढे दिवस माझ्या घरात जाऊ देत."

मी गाडीची काच वर केली. आमचा मुलगा अनस कुवेतवरून रोज फोन करायचा, "अब्बा, अजून एक मोठा डॉक्टर हाय." मी म्हणायचो, जरा ताकद येऊ दे, मग नेऊ. बापलेक एकमेकांना थापा मारत होतो.

दर मंगळवारी गौतमी सिस्टर स्कूटरवरून यायची. अशी आजारी माणसं घरी जाऊन बघायचं तिचं काम. तिने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, चार-चार तासांनी घ्यायच्या. "दुखायची वाट बघू नका काका, घड्याळाकडे बघा," असं मला बजावलं. पहिला आठवडा सलमा शांत होती. उठून बसली, पेज प्यायली, माझ्या दाढीला नावं ठेवली. मग परत दुखायला लागलं. भूक-तहान नाय म्हणायची, दुपारभर ओढणीचं टोक दातात धरून पडायची आणि मी येड्यासारखा पाय दाबत बसायचो.

पुढच्या मंगळवारी गौतमी चादर बदलत होती. उशीखाली रुमालाची गाठ सापडली. आत आठ गोळ्या.

माझं डोकंच फिरलं. "मी तुझ्या हातात देतोय आणि तू हितं गाठी मारतेस? मला छळायचंय का तुला?"

तिने नेहमीसारखं बघितलं. "रोजा हाय माझा," म्हणाली.

रमजान कधीच होऊन गेला होता. हे रोजे होते अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे. अनस तान्हा होता, अंगावर पीत होता, आणि ऐन रमजानात माझा टेम्पो घाटात कठड्यावर गेला. पाय मोडून मी दोन महिने पुण्याला हॉस्पिटलात पडलो. पोर काखेत घेऊन तिने घाट किती वेळा चढला-उतरला त्याला गणती नाय. त्या वर्षी तिचे एकवीस रोजे राहिले. पाजणाऱ्या बाईला सूट असते, पण पुढे ते भरून द्यायचे असतात. भरीन म्हणायची. मग मुलगी अफशा झाली, मग माझ्या अम्मीचं आजारपण, मग असंच राहून गेलं.

"आजचा धरून चार," सलमा म्हणाली. "सतरा राहिलेत."

"काकू, दिवसभर पाण्याशिवाय तुमचं शरीर नाही टिकणार आता," गौतमी म्हणाली. सलमाने नाय म्हणून मान हलवली. सिस्टरचं ती ऐकायची नाय, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी रोजा सुटल्यावर मी मशिदीतून मौलानांना घेऊन आलो. ते म्हणाले, आजाऱ्याला माफी हाय, बदल्यात गरिबाला जेवण द्या.

"पण मी धडधाकट होते तेव्हा ठेवले नायत," सलमा म्हणाली. "त्याचं काय?"

मौलानांनी टोपी सारखी केली. "मग तुमच्या पश्चात घरचं माणूस ठेवू शकतं. आपल्या मजहबात ते चालतं. फक्त तुम्ही परवानगी द्यायची." चहा न घेताच ते गेले.

मी खाटेवर बसलो. जिवंत माणसाचे रोजे दुसऱ्याने ठेवून चालत नाय. म्हणजे तिने गोळी घ्यायला हवी तर मला तिच्या तोंडावर म्हणायला हवं होतं की तू जाणार. पाच महिने मी ते जिभेवर येऊ दिलं नव्हतं. मला वाटायचं, बोललो की खरं होईल.

"सलमा, तू गेल्यावर..." एवढं म्हणून मी तिची चादर सारखी करायला लागलो.

"बोला ना."

"तू गेल्यावर तुझे रोजे मी ठेवीन. परवानगी दे. आणि गोळी घे गो."

ती हसली. हसताना पण दुखलं तिला. "तुम्ही? अकराचा चहा चुकला तर घर डोक्यावर घेता. मुसाफिराला माफ असतं म्हणून जन्मभर ढाब्यावर जेवलात. तुमचेच किती राहिलेत?"

"माझं मी बघीन. आधी तुझे."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा."

"दिली परवानगी." तिने हात पुढे केला. मी गोळी ठेवली, पाणी दिलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, "कधी बोलताय याची वाट बघत होते मी. एकटीला फार जड जात होतं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. मग अनसला फोन लावला. म्हटलं, आता मुंबई नाय, डॉक्टर नाय, रजा टाक आणि ये.

त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. ओढणी परत दातात धरली नाय. अनसच्या हातची पेज खारट झालीय म्हणाली. शेवटच्या दुपारी मी, अनस आणि सासरहून आलेली अफशा तिच्याजवळ बसून कलमा म्हणत होतो. तिचे ओठ थोडे हलले, मग थांबले.

पहिले दहा रोजे मी ओळीने ठेवले. सकाळी अकराला चहावाचून डोकं ठणकायचं, मी तिच्या खाटेकडे बघून बडबडायचो, बघ, ठेवतोय. मग आता सातच राहिलेत हा हिशोब लक्षात आला आणि मी हळू झालो. आठवड्याला एक. मग पंधरवड्याला एक. मशिदीत लोकांना वाटलं, नझीरभाई थकला. थकलो नव्हतो. तिचं कायतरी काम माझ्याकडे बाकी होतं तोवर सकाळी उठायला बरं वाटायचं.

सोळा झाल्यावर महिनाभर टाळलं. मग माझीच मला लाज वाटली. शब्द दिला होता, आणि तिचं राहिलेलं मी माझ्यासाठी अडवून धरलं होतं.

आज सतरावा. सूर्य बुडाला, अजान झाली. खजूर हातात धरून मी तिच्या रिकाम्या खाटेसमोर बसलो होतो. हात वर जाईना. एवढा खाल्ला की तिचं ह्या जगातलं काम संपलं.

पण रोजा सोडायला उशीर केलेला तिला कधीच खपला नाय. मी खजूर तोंडात टाकला.