डावी वेणी

"देख व कोकिळा, दोन्ही वेण्या कशा एकमेकींकडे तोंड करीसन उभ्या शेतस," बेबाबाई म्हणाली. "आरसामा देखावं तशा."

हेमांगीने विणलेला, छातीवर दोन वेण्यांची वीण घातलेला स्वेटर ओट्यावरच्या बायकांत हातोहात फिरत होता. कोकिळाकडे आला तेव्हा तिने तो उलटा करून पाहिला. आतली बाजूही स्वच्छ होती. कुठे गाठ नाही, कुठे सैल धागा नाही.

"लोकर चांगली शे," ती म्हणाली.

"लोकर तर सगळासनी सारखीच ऱ्हास," बेबाबाई म्हणाली आणि स्वेटर पुढे गेला.

धरणगावातल्या त्या गल्लीत वीस-बावीस वर्षं कोकिळाचेच स्वेटर अंगात होते. थंडी सुरू झाली की बायका लोकर घेऊन तिच्याच ओट्यावर यायच्या. हेमांगी, तिची धाकटी जाऊ, साक्रीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती. उलट टाका, सुलट टाका, तिसऱ्या सुईवर टाके घेऊन वेणी कशी घालायची, सगळं कोकिळाने शिकवलं. पण कोकिळाच्या दोन्ही वेण्या एकाच, उजव्या बाजूला वळत. तिच्या आईच्याही तशाच वळत, आणि इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही उणं दिसलं नव्हतं. हेमांगीने मोबाइलवर पाहून समोरासमोरच्या वेण्या काढल्या, आणि एका हिवाळ्यात गल्लीचे डोळे बदलले.

तेही कोकिळाने गिळलं असतं. पण दिवाळीनंतर तिची लेक भाविका बाळंतपणाला धुळ्याहून आली आणि दुसऱ्याच दिवशी काकूच्या गळ्यात पडली.

"काकू, बाळाचा स्वेटर तुम्हीच विणा. वेण्यांचा." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, तू टोपडं कर. तुझं टोपडं छान होतं."

"अक्कांनाच सांग ना," हेमांगी म्हणाली. "मला त्यांनीच तर शिकवलं."

"नही, तूच कर," कोकिळा म्हणाली. "माले आते बारीक टाका दिसत नही."

टाके तिला स्वच्छ दिसत होते.

त्या दिवसापासून दुपारी भाविका झोपली की ती दार लोटून पांढरी लोकर काढायची. एक वेणी बरोबर यायची. दुसरी घालायला घेतली की हात जुन्या वाटेनेच जायचे आणि तीही पहिलीसारखीच वळायची. ती उसवायची, पुन्हा घालायची. भिंतीपलीकडे जाऊन हेमांगीला विचारणं दोन मिनिटांचं काम होतं. तेवढंच तिच्याने होत नव्हतं.

एके दिवशी हेमांगी नवऱ्याबरोबर जळगावला गेली. जाताना किल्ली कोकिळाकडेच ठेवून गेली. दुपारी कोकिळा तिच्या घरात शिरली. पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस भिंतीला टेकून छातीएवढा रचलेला होता. शेजारी खुर्चीवर विणकामाची पिशवी होती. फक्त बघायचं, असंच तिने ठरवलं होतं.

बाळाच्या स्वेटरचा पुढचा भाग गळ्यापर्यंत आला होता. दोन्ही वेण्या छातीवर समोरासमोर चढत गेलेल्या. कोकिळाने त्यांवरून बोट फिरवलं. नातवंड तिचं, आणि त्याच्या अंगाला पहिली ऊब दुसरीच्या हातची लागणार होती. तिने सुई ओढून काढली. टाके उघडे पडले. तेव्हाही थांबता आलं असतं. तिने धागा ओढला आणि ओळीमागून ओळ सरसरत सुटत गेली. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली. सुटलेला धागा तिने सवयीने लोकरीच्या गुंडीवर नीट गुंडाळला, सगळं पिशवीत कोंबलं आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी हेमांगी ते अर्धं उसवलेलं विणकाम घेऊन ओट्यावर आली.

"मांजर शिरनी व्हई," बेबाबाई हळहळली.

"व्हई," हेमांगी म्हणाली.

कोकिळा खाली मान घालून आपल्या त्याच पांढऱ्या लोकरीचं टोपडं विणत राहिली. बायका उठून गेल्या. हेमांगी बसून होती.

"मांजर गुंडी गुंडाळत नही, अक्का," ती हळूच म्हणाली.

हेमांगीने तो अर्धा तुकडा तिच्या मांडीवर ठेवला.

"सुटी जायेल टाका तुम्हीच उचला. मन्हा हातनी पीळ उलटा पडस."

कोकिळाने एकेक टाका सुईवर घेतला. एकही निसटला नाही. हेमांगी रस्त्याकडे बघत म्हणाली, "उजवीले तिसरी सुई मांगे धरानी. डावीले पुढे."

"माले येत नही, हे तुले कोणी सांगं?"

"कोणी नही. तुम्हनी पांढरी लोकर कुरळी व्हई जायेल शे. घडी घडी उसवाशिवाय तशी होत नही."

कोकिळाने सुई पुढे धरली. वेणी डावीकडे वळली. इतकं सोपं होतं ते. हेमांगीने आरडाओरडा केला असता, गल्ली गोळा केली असती, तर निदान भांडता आलं असतं. सांभाळून घेणंही तिलाच जमलं होतं. कोकिळाला ते वेण्यांपेक्षा जास्त लागलं.

तो स्वेटर दोघींनी मिळून पुरा केला. उजवी वेणी आली की कोकिळा तो हेमांगीकडे सरकवायची, डावी स्वतः घालायची.

बारसं धुळ्याला झालं. भाविकाच्या सासरच्या बायकांनी स्वेटर निरखून पाहिला. "काकूंचा हात बघा," भाविका कौतुकाने सांगत होती.

"डावी वेणी तुझ्या आईची आहे," हेमांगी म्हणाली.

मग सगळ्यांनी कोकिळाकडे पाहिलं. ती हसली. हेमांगीने सांगितलं म्हणून त्या पाहत होत्या, हे तिला कळत होतं.

तिने स्वेटर घातलेल्या बाळाला उचलून घेतलं. डावी वेणी उजवीपेक्षा जराशी आवळली गेली होती. तिथे लोकर किंचित चुणली होती. एवढ्या बायकांत ते कुणाला दिसलं नाही. हेमांगीला दिसलं असेल, तर ती बोलली नाही. कोकिळाने बाळाला कुशीवर वळवलं, ती बाजू आपल्या छातीशी घेतली, आणि पाळण्यात घालायला बायका हात पुढे करीपर्यंत तशीच उभी राहिली.