डावीकडून वजाबाकी

तळवड्याच्या वर्कशॉपमधली रणजीतची सुपरवायझरची जागा त्याच्यापेक्षा वयानं लहान माणसाला मिळाली. रणजीत पुन्हा मशीनवर उभा राहिला आणि घरी त्याचा हात सुटायला लागला. बायको विजयश्री निमूट मार खायची. लेकीवर मात्र त्यानं कधी हात उगारला नव्हता.

त्या रविवारी दुपारी विजयश्री ओट्याशी भाकऱ्या थापत होती. दुसरीतली ज्ञानदा फरशीवर पालथी पडून गणितं सोडवत होती आणि रणजीत पलंगावरून बघत होता. ७८६ वजा ४३२. पोरीनं आधी सातातून चार घालवले, तीन लिहिले. मग आठातून तीन, पाच.

"उलटं काय करतेस? एककापासून कर."

"असंपण येतं, पप्पा." तिनं सहातून दोन घालवून चार मांडले. "तीनशे चोपन्न. हातचा घ्यायचाच नसेल तर कुठूनपण करा."

उत्तर बरोबर होतं. तो पलंगावरून उठला.

"आता तूपण मला शिकवणार?"

वेणी धरून त्यानं तिला उभं केलं आणि कानाखाली वाजवली. पोर भेलकांडत कपाटावर आदळली.

"बोल, कुठून करायचं?"

"पण बरोबर आलंय," ती रडत म्हणाली.

त्यानं तिचा हात पाठीमागे पिरगळला. कट्‌कन आवाज झाला. पोर किंचाळली.

विजयश्रीनं तापलेला तवा सांडशीनं उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. कातडी चरचरली. गुरासारखा ओरडत त्यानं तिचा गळा आवळला, डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण चतुराबाई धुण्याचं धोपाटणं घेऊन धावत आल्या. त्यांनी त्याच्या गुडघ्यामागे असा तडाखा दिला, की तो खालीच बसला.

"सोड तिला! माझ्या घरात खून न्हाई व्हायचा!"

मायलेकी रिक्षात बसल्या, तेव्हा तो लंगडत दाराशी आला. "जिन्यावरून पडली म्हणून सांग. पोलीस केस झाली तर कंपनी काढून टाकेल मला."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" ज्ञानदानं आईकडे पाहिलं. विजयश्रीचा गळा सुजून आवाज फुटत नव्हता. तरी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बापानं मोडला. आणि हे माझ्या गळ्यावरचे वळ त्याचेच. दोन्ही लिहा."

केस झाली. रणजीतला अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. सासूनं बीडहून फोन करून शिव्या घातल्या. विजयश्रीनं त्या ऐकून घेतल्या, पण तक्रार मागे घेतली नाही.

एका सकाळी तो कपडे न्यायला आला. चतुराबाईंनी बॅग जिन्यातूनच खाली फेकली. त्याचा आवाज ऐकून ज्ञानदा प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून पलंगाखाली शिरली. तो गेला तरी बाहेर येईना.

"गेला गं, बाळा."

"खोटं."

विजयश्री फरशीवर आडवी झाली, सरकत सरकत पलंगाखाली गेली आणि तिच्याशेजारी पडून राहिली.