माझ्या मागे घर नव्हते

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. माझ्या मागे कधी घर नव्हते. इतर दरवाजे माणसाला कुठेतरी आत नेतात. माझ्यातून आत शिरणाऱ्याला दोन लोंबत्या दोऱ्या, वाळूचे एक पोते आणि घामाघूम झालेली दोन-चार माणसे भेटत. कारण मी रंगमंचावरचा दरवाजा आहे. एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात माझा जन्म झाला. आज मी एकाच स्क्रूवर लटकत तुम्हाला माझी कहाणी सांगतो आहे. जरा घाईत सांगेन, राग मानू नका.

मला घडवले सुतारमामांनी. तेव्हा ते कोणाचेच मामा नव्हते. नुकतेच नोकरीला लागलेले, मिशीला पीळ देणारे तरुण होते. विभागाकडे चांगले लाकूड नव्हते, म्हणून त्यांनी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून मला उभे केले आणि वरून असा रंग दिला की पहिल्या रांगेतल्या माणसालाही मी सागवानी वाटावा. माझी खरी जात फक्त पाठीमागून कळते. तिथे एका फळीवर अजून ‘सांभाळून उचला’ असे छापलेले आहे. त्या दोन शब्दांकडे आजवर कोणीही लक्ष दिलेले नाही.

मला बनवले होते एका ऑपेरेटासाठी. ऑपेरेटा म्हणजे गाण्यांचे विनोदी नाटक. त्यात माणसे बोलता बोलता गायला लागतात आणि भांडणसुद्धा तालात करतात. या नाटकात एक घड्याळजी असतो. मुलीने लग्न करून जाऊ नये म्हणून तो तिला घरात कोंडून ठेवतो. तिचा प्रियकर दाराबाहेर उभा राहून गातो, दुकानातली सगळी घड्याळे एकदम टोले देऊ लागतात, आणि मुलगी दार उघडून गात गात बाहेर येते. सगळा खेळ त्या एका दारावर. म्हणजे माझ्यावर!

पहिल्या प्रयोगात घड्याळजीची मुलगी झालेली विद्यार्थिनी माझ्या मागे उभी होती. समोर लोक खो खो हसत होते. इकडे “आई गं, मला घरी जायचंय,” असे ती पुटपुटत होती. मग तिने माझी मूठ धरली, मला आपल्याकडे ओढले आणि हसत, गात बाहेर गेली. टाळ्यांनी छत दणाणले. त्या दिवशी मला माझे काम समजले. माझ्या पुढच्या बाजूला विनोद असतो आणि पाठीमागे माणसे रडकुंडीला आलेली असतात. भिंतीला कान असतात म्हणतात. मला पाठ आहे, आणि तिला सगळे ऐकू येते.

त्यानंतर मी काय काय झालो! राजवाडा झालो, तुरुंग झालो, दवाखाना झालो, एकदा तर जहाजाची खोली झालो. दर वर्षी एक नवा रंग चढला. जुना खरवडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, त्यामुळे मी जाड होत गेलो आणि बिजागऱ्या कुरकुरू लागल्या. नटांना टाळ्या मिळाल्या, गाणाऱ्यांना हार मिळाले. दाराला कोणी टाळी देत नाही. उलट कोणाचा सूर चुकला की तो विंगेत येऊन म्हणे, “दारच नीट उघडलं नाही, काय करणार!” नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय? मी मुकाट्याने सोसले. शेवटी विभाग आपलाच होता.

ती घाबरलेली विद्यार्थिनी पुढे इथेच शिकवायला लागली आणि हळूहळू विभागप्रमुख झाली. सगळे त्यांना बाई म्हणतात. केस पांढरे झाले, चष्मा जाड झाला, पण प्रत्येक प्रयोगाआधी त्या माझ्या मागे येऊन मुठीवरून हात फिरवत. “काय रे, ठीक ना?” असे मलाच विचारत. मी ठीक नसे, पण त्यांनी विचारले की बरे वाटे.

मित्रांनो, मग दिवस फिरले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, तसे झाले. विद्यार्थी कमी झाले, कार्यालयातली माणसे ओळख दाखवेनाशी झाली. कुलसचिव साहेबांना आमचा हॉल हवा होता, परीक्षेची बाके ठेवायला. बाई वर्षानुवर्षे त्यांच्या दारात जाऊन विनवत राहिल्या, “साहेब, एकदा येऊन नाटक बघा, मग ठरवा.” साहेब म्हणत, “बघू.” अखेर यंदा ते येतो म्हणाले. हॉल राहणार की जाणार, हे त्यानंतर सांगणार होते. बाईंनी तेच घड्याळजीचे नाटक काढले. लोकांना हसवायचे होते, आणि विभागात हसू कोणालाच येत नव्हते.

आता आमच्या माणसांचा वेडेपणा ऐका. तालमीला खरे दार वापरायचे नाही, हा बाईंचा जुना नियम. जमिनीवर दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्या दोन पट्ट्यांमध्ये दार आहे असे समजायचे. “दार मनात असतं,” असे त्या शिकवत. मी कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत असे. खरा दरवाजा धूळ खात उभा आणि मनातल्या दाराचे कौतुक! नायिका झालेल्या मुलीला सगळे शिट्टी म्हणत, कारण तिचा आवाज तेवढा उंच जाई. ती ते मनातले दार रोज दोन्ही हातांनी पुढे ढकलून बाहेर येई. सुतारमामांनी ते पाहिले आणि विचार केला, पोरगी ढकलते आहे तर दारानेही तिचे ऐकावे. त्यांनी माझ्या बिजागऱ्या काढल्या, अडवणारी पट्टी फिरवली आणि मला उलटे बसवले. पूर्वी मी पाठीमागून ओढल्यावर उघडत असे, आता ढकलल्यावर उघडू लागलो. मामांनी सगळ्या मुलांना एकत्र बोलावून हे सांगितले. बाई तेव्हा साहेबांच्या कार्यालयाबाहेर ताटकळत बसल्या होत्या.

प्रयोगाच्या दिवशी शिट्टीचा आवाज बसला. तोंड उघडले तर नुसती हवा. ती रडत बाईंपुढे उभी राहिली.

नायक झालेला मुलगा चांगला उंचापुरा होता, म्हणून लंबू. तो म्हणाला, “बाई, प्रयोग पुढे ढकलूया?”

“साहेब परत येतील का रे?” बाईंनी विचारले. लंबूने नकारार्थी मान हलवली. “मग मीच उभी राहते. गाणी मला पाठ आहेत.”

“बाई, नायिका अठरा वर्षांची आहे,” कोणीतरी चाचरत म्हणाले.

“लोकांना हसवायचंच आहे ना? मग हसू देत!”

साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. लंबू माझ्यासमोर गुडघे टेकून गाऊ लागला. घड्याळांचे टोले पडले. माझ्या मागे बाई उभ्या होत्या, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, अंगात शिट्टीचा घट्ट झगा. त्यांचा हात माझ्या मुठीवर आला. आणि त्या हाताने पहिल्या वेळेसारखेच मला आपल्याकडे ओढले.

मी उघडलो नाही. कसा उघडणार? पट्टी आडवी होती.

त्यांनी पुन्हा ओढले. वाद्यवाल्यांनी सुरुवातीचे सूर परत वाजवले. टोले पुन्हा पडले. मी आतल्या आत आक्रोश करत होतो, ‘ढकला, बाई, ढकला! नुसते बोट लावले तरी उघडेन!’ पण दाराला वाचा नसते. मामा पलीकडच्या विंगेत पडद्याची दोरी धरून उभे होते, त्यांना माझी पाठ दिसत नव्हती, आणि मुले टोले देण्यात गुंतली होती. मामांचे ‘दार ढकलायचे’ एवढेच लंबूला आठवले, कोणत्या बाजूने ते तो विसरला; त्याला वाटले, दार अडकले, आपण मदत करावी. तो उठला आणि समोरून खांदा लावून मला रेटू लागला. म्हणजे एक समोरून रेटतो आहे, दुसरी मागून ओढते आहे, दोघे मला एकाच चुकीच्या दिशेला नेत आहेत आणि माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून निसटत आहेत. माझ्यावर माया करणारी माणसेच माझा जीव घेत होती. लोकांना वाटले हाच विनोद. हॉल हसत होता, आणि बाईंच्या गालांवरून रंग ओघळत होता.

सूर चौथ्यांदा की पाचव्यांदा वाजले, मला भान नव्हते. लंबू दमून मागे वळला आणि लोकांना हात जोडून म्हणाला, “मंडळी, घड्याळजीकडे सगळं चालू आहे. दारच तेवढं बंद पडलंय!” त्याच क्षणी बाईंनी हार मानली. त्यांनी मूठ सोडून दिली. “संपलं सगळं,” असे म्हणून त्यांनी माझ्यावर कपाळ टेकले.

आणि मी उघडलो.

मी धाडकन लंबूच्या पाठीत बसलो, तो पालथा पडला, बाई त्याच्यावर पडल्या, टोप साहेबांच्या पायाशी जाऊन पडला. मग बाईंनी तशाच, जमिनीवर बसल्या बसल्या सूर लावला. काय सांगू, तोच सूर! इतकी वर्षे तो कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. हसणारे लोक हसता हसता उभे राहिले. साहेब डोळे पुसत होते.

मला वाटले, जिंकलो. प्रयोगानंतर साहेब रंगमंचावर आले, टोप बाईंच्या हातात देत म्हणाले, “पोट दुखलं हो हसून! फार वर्षांनी असा हसलो.” मग घसा खाकरून म्हणाले, “पण बाई, निर्णय आधीच झालाय. सोमवारी हॉलला कुलूप लागेल. माझ्या हातात काही नाही.”

ते गेल्यावर कोणी कपडेसुद्धा बदलले नाहीत. बाई माझ्याजवळ आल्या. मामांनी त्यांना बिजागऱ्या दाखवल्या आणि हळूच म्हणाले, “बाई, ढकलायचं होतं.” बाईंनी मला एका बोटाने ढकलले. मी उघडलो. बंद केले, पुन्हा ढकलले. बराच वेळ त्या तेवढेच करत होत्या. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मी साहेबांना आत ओढत होते, आमच्याकडे या, आमच्याकडे या म्हणून. आता आपणच बाहेर जायचं. दार घ्या रे बरोबर.”

“आणि बाकीचं नेपथ्य?” लंबूने विचारले.

“बाकीचं मनात असतं,” बाई म्हणाल्या.

सोमवारी कुलूप लागले. घड्याळे, पडदे, दिवे सगळे आत राहिले, मी तेवढा बाहेर आलो. मुलांनी मला मुख्य कार्यालयासमोरच्या अंगणात, साहेबांच्या खिडकीखाली उभे केले. आता जेवणाच्या सुट्टीत तिथेच नाटक होते. शिट्टीचा आवाज परत आला आहे. पहिल्या दिवशी तीन शिपाई आणि एक कुत्रा एवढेच प्रेक्षक होते. नंतर कारकून मंडळी आपापल्या खुर्च्या घेऊन खाली येऊ लागली. साहेबांची खिडकी आधी बंद असे, आता अर्धी उघडी असते. काल बाईंना ते जिन्यात म्हणाले, “थांबा जरा. मी वर बोलून बघतो.”

मित्रांनो, याच ‘थांबा जरा’वर आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. कारण मी थांबू शकेन असे मला वाटत नाही. उन्हाने माझे रंग एकावर एक सोलून निघत आहेत, राजवाड्याखालून तुरुंग दिसतो आहे. वारा आला की मी डोलतो. मामांची बदली बाके दुरुस्त करायला झाली आहे आणि मुलांनी मला सुतळीने बांधून ठेवले आहे. बांधणारेही तेच आणि घाईत धाडकन आपटणारेही तेच. त्यांना मी काय बोलू? त्यांचे माझ्याकडे लक्ष नाही, त्यांचे लक्ष खिडकीकडे आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. काल शिट्टी गात होती तेव्हा माझ्या पाठीशी बाई उलट्या बादलीवर बसून टोपाला टाके घालत होत्या, लंबू त्यांच्या डब्यातला घास पळवत होता, कोणी पाठांतर करत होते, एक मुलगी दुसरीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. विभागाला आता दुसरी जागाच नाही. खोक्यांच्या फळ्यांचा मी, जन्मभर खोट्या घरांचा दरवाजा झालो, आणि आता माझ्या मागे खरेच घर आहे.

मी पडलो तर ते उघड्यावर पडेल. उद्या दुपारी पुन्हा प्रयोग आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाकडे एखादा स्क्रू आहे का?