माझा कोरा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आरोग्य खात्याच्या बैठकीच्या खोलीत मी अनेक वर्षे भिंतीवर लटकलो. मागे कापड, वरखाली लाकडी दांडे आणि अंगावर सगळा देश! नवा होतो तेव्हा येणारा-जाणारा माझे कौतुक करी.

कॅन्सरचा नवा रोगी सापडला की माझ्यात लाल टाचणी खुपसत. टाचण्या बघून साहेब लोक उपचाराची यंत्रे वाटत. पण नियम असा, की टाचणी लावायची ती रोग जिथे सापडला तिथे, रोगी राहतो तिथे नाही. तपासणीची सोय फक्त राजधानीत. त्यामुळे राजधानी टाचण्यांनी गच्च भरली आणि माझा पूर्वेचा डोंगराळ कोपरा कोराच राहिला.

टाचण्या लावणाऱ्या बाईंना सगळे टाचणीताई म्हणत. त्यांची थोरली बहीण पूर्वेला राहायची. तिच्या छातीत गाठ आली. गावात महिनोन्‌महिने नुसते मलम चोळले. शेवटी ती राजधानीत आली, तेव्हा निदान झाले. ताईंनी तिची टाचणी नियमाप्रमाणे राजधानीतच लावली.

मग नवे यंत्र कुठे द्यायचे याची बैठक भरली. ताई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, हे पूर्वेला द्या. किरणांचा शेक रोज घ्यावा लागतो. अक्का इथे राहिली तर तिकडे पोरांना कोण बघणार? उपचार अर्धवट सोडून गावी गेली ती."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "वाईट वाटतं हो. पण नकाशा बघा ना. पूर्वेला रोगच नाही."

"रोग आहे. तपासणारं कोणी नाही."

"मग टाचणी दाखवा."

ताईंनी राजधानीवर बोट ठेवले. "ही अक्काची. मीच लावली."

"नियम बदलायला वेगळी बैठक लागते," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. माझ्याकडे बोट दाखवून हा माणूस धडधडीत खोटे बोलत होता आणि मला तोंड नव्हते. यंत्र राजधानीला मिळाले. तिथे आधीच तीन होती. अक्का त्याच वर्षी गेली.

आता संगणक आला आहे. मला गुंडाळून कपाटामागे टाकले आहे. संगणकालाही त्यांनी तोच नियम शिकवला.

मित्रांनो, माझी धूळ झटका, असे मी म्हणणार नाही. पण उद्या तुम्ही अशा बैठकांत बसाल. नकाशावर कोरी जागा दिसली तर आधी तिथे जा, तिथल्या बायांना विचारा. जायचे नसेल तर त्या खुर्चीवर बसू नका.