मांडीवरची ओल

किल्ल्याच्या चढाला लागताना सत्याप्पाने हात पुढे केला तो कोंडाबाईला. शेवंताबाई दोन पावलं मागे होती, कडेवर सात महिन्यांची नात होती, पायात नव्या चपला चावत होत्या. तरी हात गेला तो कोंडाबाईकडे. शेवंताबाईने ते पाहिलं आणि ओठ मुडपले.

"तुज्याकडं पोर हाय, तू दमानं ये मोठ्याई," सत्याप्पा वळून म्हणाला.

म्हणजे पोर आपल्याकडे आहे म्हणून हात तिला, अशी शेवंताबाईने स्वतःची समजूत घातली. पण ती समजूत बुरुजापर्यंत काही टिकली नाही. वर पोहोचल्यावर सत्याप्पा आईला, म्हणजे कोंडाबाईला, बोट करून समुद्र दाखवत होता, आणि ती पदर सावरत नुसती मान हलवत होती. समुद्र शेवंताबाईनेही जन्मात पाहिला नव्हता. पण तिला समुद्रापेक्षा त्या दोघांच्या पाठीच जास्त दिसल्या.

दोघी सख्ख्या जावा, निपाणीच्या. दोघींचे नवरे केव्हाच गेलेले. सत्याप्पा कोंडाबाईच्या पोटचा. शिकला, बँकेत लागला आणि बदली होऊन इकडे कासरगोडला आला. हे गावही आपल्या निपाणीसारखंच सीमेच्या भांडणातलं. राज्य मल्याळी लोकांचं, बाजारात बोलणं निम्मं कन्नड, त्यामुळे दोघींचं कुठे अडत नव्हतं. सून मालू चिकोडीची, कन्नड शाळेत शिकलेली. तिला इथल्याच शाळेत नोकरी लागली आणि तान्ह्या पोरीला कोण बघणार हा प्रश्न उभा राहिला. म्हणून सत्याप्पाने दोघींना बोलावून घेतलं होतं. आठवडाभर राहा, मुलूख बघा, मग एकीने मागे राहायचं आणि एकीने परत जायचं. कोणी राहायचं ते तो बोलला नव्हता, आणि त्याला विचारायची छाती दोघींपैकी एकीलाही झाली नव्हती. परतीचा दिवस उद्यावर आला होता.

खरं तर यात विचारण्यासारखं काय होतं, असं शेवंताबाईला वाटायचं. सत्याप्पाला जन्म दिला असेल कोंडाबाईने, पण वाढवला कोणी? नवरा गेला आणि कोंडाबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर जाऊ लागली, तेव्हा पोर दात यायच्या वयाचं होतं. शेवंताबाईला तंबाखूच्या धुळीने शिंका सुटायच्या, डोळे सुजायचे, म्हणून ती घरी. ते पोर तिच्याच मांडीवर मोठं झालं. संध्याकाळी कोंडाबाई वखारीतून यायची ती डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी होऊन. वखारीतल्या बायकांची रीतच होती, आंघोळ झाल्याशिवाय तान्ह्याला शिवायचं नाही; तंबाखू पोराच्या तोंडात गेली तर उलट्या व्हायच्या. शेवंताबाईने त्या रीतीला आपल्या नाकाची जोड दिली होती. कोंडाबाई आंघोळ करून आली की ती तिचे हात हुंगायची आणि म्हणायची, "अजून वास येतोय गं. परत धू." कोंडाबाई परत न्हाणीत जायची, आणि तोवर पोर मोठ्याईच्या मांडीवर झोपून गेलेलं असायचं. गल्लीतल्या बायका शेवंताबाईच्या नाकाचं कौतुक करायच्या, आणि तिलाही ते कौतुक आवडायचं.

किल्ल्याखाली वाळूत उतरल्यावर कोंडाबाई सरळ पाण्याकडे गेली. लाटेत वाकून तिने कोपरापर्यंत हात चोळचोळून धुतले.

"मिठाच्या पाण्यात कशापायी?" शेवंताबाई हसली. पदराला हात पुसत कोंडाबाई पोरीकडे बघत उभी राहिली. शेवंताबाईने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

तिथून मोटारीने ते तळ्यातलं देऊळ बघायला गेले. सत्याप्पाच्या जन्माच्या आसपासच बौद्ध दीक्षा घेऊन घरातले देव वेदगंगेत सोडलेले, त्यामुळे हात जोडायचा प्रश्न नव्हता. पाण्याच्या मधोमध देऊळ बांधलंय ते बघायचं, एवढंच. शेवंताबाई काठावरच्या झाडाखाली पोरीला दूध पाजत बसली होती. तेवढ्यात कोंडाबाई तळ्याच्या पायऱ्या उतरून हात धुवायला वाकली आणि वरून एक माणूस कन्नडमध्ये ओरडला, की मागं सर, पाण्यात मगर आहे. सत्याप्पा धावला. आईला त्याने दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं आणि घाबरून तसंच पोटाशी धरून ठेवलं. शेवंताबाईला कोंडाबाईचं काही बरंवाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं. पण एवढा मोठा झाल्यापासून त्या पोराने आपल्याला असं पोटाशी कधी धरलं, हे ती आठवून बघत होती, आणि आठवत नव्हतं. मगर काही वर आली नाही. शेवंताबाईला मात्र त्या मगरीचा राग आला.

मशिदीपाशी तर कहरच झाला. लाकडी नक्षीची, कौलारू, जुनी मशीद. सत्याप्पा बाहेरूनच कौतुकाने दाखवत होता. दाराशी नळावर माणसं नमाजाआधी हातपाय धूत होती. कोंडाबाई बाजूला जाऊन उभी राहिली. एका म्हाताऱ्याने आपले हातपाय धुणं अर्धवट ठेवून तिला नळ मोकळा करून दिला. तिने बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर असं सगळं नीट धुतलं, तेव्हा म्हातारा मल्याळीत काहीतरी आदराने बोलला आणि छातीला हात लावून हसला.

"सगळ्या मुलखात हिचाच मान," शेवंताबाई पुटपुटली. पोर कडेवर जड झालं होतं, कंबर दुखत होती, पण कोणी 'दे इकडे' म्हणालं असतं तरी तिने दिलं नसतं.

दुपार उतरल्यावर ते नावेत बसले. समुद्र आणि जमीन यांच्या मधलं ते शांत पाणी, दोन्ही बाजूंना माड, काठावर वाळत घातलेली जाळी. सत्याप्पा दोघींच्या समोर बसला आणि घसा साफ करून म्हणाला, की उद्याची गाडी सकाळची आहे, तर आता ठरवून टाकू.

नावाडी बांबू टेकत होता त्याचा आवाजही शेवंताबाईला मोठा वाटला.

"मोठ्याई, तू ऱ्हा," सत्याप्पा म्हणाला. "आईला पोर सांभाळायची सवय न्हाय."

"व्हय," कोंडाबाई लगेच म्हणाली. "आक्काच ऱ्हाऊ देत. त्यास्नी ठावं हाय सगळं."

झालं. इतकं सोपं होतं. शेवंताबाईला हसू आवरेना. पोरीच्या गालाला गाल लावून तिने ते लपवलं. निपाणीच्या गल्लीत ही बातमी जाईल तेव्हा कोणाकोणाची तोंडं कशी होतील, तेही तिने बघून घेतलं. सत्याप्पा मोकळा होऊन नावाड्याशी गप्पा मारायला पुढच्या टोकाला गेला.

आणि कोंडाबाईने नावेच्या काठावरून हात खाली सोडून पाण्यात चोळायला सुरुवात केली.

जिंकलेल्या माणसाला असतं तेवढं औदार्य शेवंताबाईला त्या घटकेला आलं होतं. तिने विचारलं, "दिसभर काय गं हात धुतीस? वखार सुटून वर्सं झाली की."

कोंडाबाई पाण्याकडेच बघत राहिली. "पोरगी जरा घ्यावी म्हनत हुते. वास येत आसंल म्हनून धुतले."

"मग मागितली का न्हाईस?"

"तुमी हात हुंगला न्हाई अजून," कोंडाबाई म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर शेवंताबाईने सव्वाशेर परतवला असता, त्यात ती कोणाला ऐकणारी नव्हती. कोंडाबाईने ओला हात पदराला पुसला आणि, सत्याप्पा तान्हा असताना करायची तसाच, खालमानेने पुढे केला. बोटं पांढरीफटक पडली होती, नखांच्या कडेला मात्र तपकिरी रेघ तशीच होती. शेवंताबाईने हात नाकाशी नेला. माशाचा, चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा वास आला. तंबाखूचा नव्हता. तेव्हाही बऱ्याच वेळा तो नसायचा, हे दोघींपैकी एकीला पहिल्यापासून माहीत होतं.

पोरगी तिने तरीही दिली नाही. "आता झोपाय लागलीया, मोडंल झोप," असं म्हणाली आणि काठ येईपर्यंत माड बघत बसली.

सकाळी स्टेशनवर जायच्या वेळी सत्याप्पाने बघितलं तर दाराशी पिशवी मोठ्याईची होती.

"हितली हवा मला मानवत न्हाय," शेवंताबाई म्हणाली. "रातभर शिंका आल्या. तुज्या आईला ठेवून घे."

सत्याप्पाला रात्री एकही शिंक ऐकू आली नव्हती. तो समजावू लागला, रागावला, मालूही आर्जवं करून शाळेला गेली. पण शेवंताबाईने एकदा पदर खोचला की तिला हलवणं कोणाला जमलं नव्हतं. कोंडाबाई गोंधळून नुसती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. स्टेशनवर येऊन बाकावर बसेपर्यंत पोरगी शेवंताबाईच्याच मांडीवर होती. तिने ती घट्ट धरली होती, आणि आपण हे काय करून बसलो असं तिला दर मिनिटाला वाटत होतं. निपाणीत तिची वाट बघणारं घरात कोणीही नव्हतं.

गाडी येताना दिसली तशी कोंडाबाई उठली आणि सवयीने नळाकडे निघाली. शेवंताबाईने तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुठं काय लागलंय." आणि पोरगी तशीच उचलून तिच्या हातांत दिली.

कोंडाबाईला ती नीट धरताही येईना. एक हात मानेखाली, एक कुठेतरी भलतीकडेच. पोरीने ओठ काढले, आता रडणार असं झालं. रड, शेवंताबाई मनात म्हणाली. गाडीत चढून खिडकीशी बसेपर्यंत ती वाट बघत होती की पोरगी रडेल, आपल्याकडे झेपावेल, सत्याप्पा म्हणेल की बघ, तुझ्याशिवाय होत नाही. पोरीने थोडा वेळ त्या नव्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मग कोंडाबाईच्या मानेत तोंड खुपसलं. कोंडाबाईने डोळे मिटून घेतले. सत्याप्पा खिडकीशी काहीतरी बोलत होता, पोचलीस की कळव म्हणत होता. शेवंताबाईला त्याच्या खांद्यावरून पलीकडचंच दिसत होतं, आणि दिसत होतं ते बघवत नव्हतं.

गाडी सुटली. माड मागे पडू लागले, एक खाडी आली आणि गेली. तेव्हा शेवंताबाईला मांडी गार लागली. स्टेशनच्या बाकावर मांडीवर असताना पोरीने लुगडं भिजवलं होतं, आणि पोर उचलून देण्याच्या गडबडीत तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

खिडकीतून वारा भरारत येत होता. शेजारची बाई म्हणाली, की इकडे उन्हात सरका, लुगडं आत्ता वाळेल. शेवंताबाईने मान हलवली आणि खिडकी खाली ओढून घेतली.