बरणीचं फडकं

सेबतीने लोणच्यावर आणखी थोडं तेल ओतलं, बरणीचं झाकण घट्ट पिळलं आणि वर बांधायला फडकं शोधू लागली. पलीकडे तिचा नवरा त्रिनाथ बॅगेत पोह्यांची पिशवी कोंबत होता. संध्याकाळच्या गाडीने तो सुरतेला, कापडाच्या मागावर परत चालला होता.

"आंब्याचंच ना?" त्याने विचारलं.

"आंब्याचं तुम्हाला आवडतं, की आणखी कुणाला?"

त्रिनाथ पिशवी दाबत राहिला.

चुगली बरणीनेच केली होती. सुरतेहून इकडे ओडिशात, गंजामला येणाऱ्या साऱ्या बाप्यांच्या बरण्या तेलकट, बुरसटलेल्या यायच्या. खोलीवर घासणार कोण? त्रिनाथची मात्र या खेपेला लख्ख घासून, वाळवून, तोंडाला नवं फडकं बांधून आली. गाठ बाईच्या हातची होती. सेबतीने गाठ सोडली आणि फडकं ठेवून दिलं.

पुढे त्रिनाथला लघवीला जळजळू लागलं. गावची आशा कार्यकर्ती झुनूदीदी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. औषधाची राखाडी पुडी त्याला मिळाली, तशीच सेबतीलाही.

"तिचं पाप मी का गिळू?" सेबती म्हणाली होती.

"पाप नाही गं, रोग आहे. दिसला नाही तरी अंगात असतो. एकट्या नवऱ्याने औषध घेऊन भागत नाही. आणि तिकडची तशीच राहिली, तर हा पुन्हा घेऊन येईल." झुनूदीदीने निरोधची पाकिटं तिच्या पदरात टाकली. "ही पण दे बांधून."

"म्हणजे खुशाल जा तिच्याकडे, असंच सांगू?"

"जाऊ नका, असंच सांग. आणि तरी दे."

आता दारातून दिसणाऱ्या देवळापुढच्या मांडवात कीर्तन रंगलं होतं. बुवा रुसलेल्या राधेपाशी आले, मृदंग हळू झाला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सेबतीचेही हात थांबले. राधेचं बरं होतं. दाराशी आलेल्या श्यामाला ती परत तरी पाठवू शकत होती. सेबतीचा श्याम आपणहूनच निघाला होता.

तिने फडकं उचललं. त्या परक्या गाठीचंच होतं ते. मग कमरेची गाठ सोडून एक राखाडी पुडी काढली, झाकणावर ठेवली.

"हे काय? आपलं तर घेऊन झालं," त्रिनाथ म्हणाला.

"निरोध पोह्यांच्या पिशवीत घातलेत, ते तुमचे." पुडीवरून फडकं ओढून घेत ती म्हणाली, "हे बरणी घासणारीचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आणलंय."

"सेबती, तिथं कुणी..."

"जेवल्यावरच औषध घे म्हणावं तिला. उपाशीपोटी फार मळमळतं."

त्रिनाथने मान खाली घातली. सेबतीने गाठ मारली, दातांनी आवळली आणि बरणी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"आणि परत आणाल तेव्हा," ती म्हणाली, "तेलकटच आणा."