पेशन्स व्हिटलॉकचं मरण

आपली मुलगी फेब्रुवारीत मरणार आहे, हे दिगंबर नाकाडेला फ्रिजवरून कळलं. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या त्यांच्या घरात बहुतेक बातम्या फ्रिजवरच लागत. पिझ्झाच्या कुपनाखाली, डेंटिस्टच्या कार्डाशेजारी, केळ्याच्या आकाराच्या मॅग्नेटने एक पिवळी चिठ्ठी अडकवलेली होती. तिच्यावर वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं, की पेशन्स व्हिटलॉक, वय वर्षं दहा, सुताराची मुलगी, डिसेंबरात जहाजातून उतरते आणि फेब्रुवारीत खोकला व अशक्तपणाने मरण पावते. खाली एक हसरा चेहरा काढला होता.

"शैलजा, हे काय आहे?"

"कलोनियल डे," शैलजा म्हणाली. ती भेंडी चिरत होती. "इलाच्या वर्गात सगळ्यांना मिळाल्यात."

"सगळे मरतायत?"

"नाही रे. बावीसपैकी तीन. मिसेस डोनाह्यू टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावते."

कलोनियल डे म्हणजे पाचवीच्या वर्गाने नोव्हेंबरात एक दिवस सोळाशेवीस सालात जाऊन राहायचं. मुलांनी कागदाच्या पांढऱ्या कॉलरी घालायच्या, बरणीत साय घालून लोणी येईपर्यंत हलवायची, इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या त्या पहिल्या लोकांसारखं 'गुड मॉरो' म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून टर्की खायची. माणसांची नावं मात्र मिसेस डोनाह्यू मनाने बनवत. खरी नावं घेतली तर कुणाचा ना कुणाचा वंशज त्याच गावात निघायचा, आणि आपल्या खापरपणजोबाच्या हातून लोणी नीट निघालं नाही म्हणून शाळेला पत्र लिहायचा.

दिगंबरचा त्या इंग्रजांवर राग नव्हता. उलट त्याला त्यांच्याबद्दल एक प्रकारचा जिव्हाळाच होता. जायचं होतं एकीकडे आणि उतरले भलतीकडे. तेही ऐन डिसेंबरात, घर बघून न ठेवता. दिगंबरलाही कंपनीने न्यू जर्सी सांगून त्र्याण्णवच्या जानेवारीत वूस्टरला उतरवलं होतं, तेव्हा त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. एकशेदोन माणसांतली निम्मी वसंतापर्यंत टिकली नाहीत, हे वाचून त्याला आश्चर्य वाटलं ते निम्मी टिकली कशी याचं. पण म्हणून आपल्या मुलीने त्या निम्म्यांत का जावं?

"इला, तुला बरं वाटतंय ना?" रात्री जेवताना त्याने विचारलं.

"फाइन," इला म्हणाली. भूक लागली तरी इंग्रजीत सांगणारी मुलगी. तिचं 'फाइन' ऐकून आतलं काही कळायची सोय नव्हती.

शनिवारी मात्र कळलं. निदान दिगंबरला तसं वाटलं. अंगणातली पानं गोळा करायला तो मोठ्या कागदी पिशव्या घेऊन आला, तर तळघरातून रडण्याचा आवाज. जिन्यावर उभा राहून त्याने ऐकलं. इला हुंदके देत होती, आणि चक्क मराठीत म्हणत होती, "मला नाही जायचं... मला नाही जायचं हो..." पाठोपाठ दिगंबरच्या वडिलांचा, मोरेश्वररावांचा घोगरा आवाज आला, "रड बाई, रड. मोकळी हो."

तो खाली गेला नाही. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला सुचत नसे. त्याला अर्ज करता येत असे.

बारावीला केमिस्ट्रीत चार मार्क कमी पडले तेव्हा त्याने रीचेकिंगचा फॉर्म भरला होता, आणि चार मार्क वाढून आले होते. त्या चार मार्कांवर इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंगवर नोकरी, नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर शैलजा, असा सगळा डोलारा उभा होता. जगातला कुठलाही निकाल अर्ज केल्यावर बदलतो, अशी त्याची तेव्हापासूनची श्रद्धा होती. मरणाचा का बदलू नये?

"तिला विचारलंस का?" शैलजा म्हणाली.

"मुलांना काय विचारायचं? स्वतःच्या कानांनी ऐकलं मी."

त्याने मिसेस डोनाह्यूंना ईमेल लिहिली. 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी सुरुवात केली आणि मुद्दे क्रमांक टाकून मांडले. एक, इलाची हजेरी उत्तम असून वर्षभरात तिला साधा खोकलाही झालेला नाही. दोन, घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा आहेत, त्यांच्यासमोर हा विषय बरा दिसत नाही. तीन, निकालाचा फेरविचार व्हावा. त्यासाठी काही फी असल्यास कळवावी.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. अ‍ॅब्सोल्यूटली, नो प्रॉब्लेम! इला आता मर्सी टॅपली होईल. मर्सी एक्याऐंशी वर्षं जगते आणि तिला नऊ मुलं होतात. मर्सीची चिठ्ठी कॉनरकडे होती आणि तो ती बदलून घ्यायला अगदी आनंदाने तयार होईल.

दिगंबरने त्या ईमेलची प्रिंट काढली आणि केळ्याच्या मॅग्नेटने फ्रिजवर लावली.

सोमवारी दुपारी इला शाळेतून आली, फ्रिजसमोर उभी राहिली आणि तिने दप्तर जमिनीवर आपटलं. दिगंबर त्या दिवशी घरूनच काम करत होता. कौतुक स्वीकारायच्या बेताने तो बाहेर आला.

"यू सेव्ह्ड मी?" इला ओरडली. "हू आस्क्ड यू? आय वॉज डाइंग सो वेल!"

"अगं, पण तू रडत होतीस. मी ऐकलं."

"दॅट वॉज रिहर्सल!"

तेवढ्यात मोरेश्वरराव तळघरातून वर आले. डोक्याला पंचा, खांद्यावर शैलजाची शाल. बहुधा ते त्या वेळी पेशन्सची आई असावेत. सगळा प्रकार कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोक्याचा पंचा सोडला.

मोरेश्वरराव हे गडचिरोलीकडच्या एका गावचे निवृत्त पोस्टमास्तर. पण झाडीपट्टीत त्यांना पोस्टमास्तर म्हणून कोणी ओळखत नसे. दिवाळीनंतर धान निघालं की तिकडे गावोगावी मांडव पडतात आणि नाटकं लागतात. त्या नाटकांत मोरेश्वर नाकाडे तीस वर्षं मेले. विष पिऊन, गोळी लागून, सुनेच्या बोलण्याने, क्षयाने. नऊ-नऊ मिनिटं मरायचे. नाकाडे मास्तर मध्यंतराच्या आधी मेले नाहीत तर लोक तिकिटाचे पैसे परत मागत. आता नातीच्या रूपाने घराण्यात पुन्हा कोणीतरी मरणारं निघालं होतं, आणि मुलाने अर्ज करून तिला वाचवलं होतं.

"दिगू," ते म्हणाले, "तुले कवाच काई समजलं नाई. आठवीत तुले म्या मांडवात उभा केलो होतो, तवा बी तू परदेच मोजत होता."

"बाबूजी, मला वाटलं..."

"काहून वाटलं? एक्याऐंशी वर्षं जगून का करन पोट्टी? नऊ लेकरं! त्यात का अ‍ॅक्टिंग हाये?"

"आबाजी, इट्स ओके," इला म्हणाली. पण ते तसं नव्हतं. ती वर गेली, आणि पुढचे दोन दिवस बापाशी जे काही बोलली ते फ्रिजवर. 'दूध संपलंय.' 'सही कर.' शेवटची चिठ्ठी होती, 'मर्सी टॅपलीला कॉलर लागेल. तिला काहीही चालेल.' ही शेवटची चिठ्ठी दिगंबरला फारच लागली.

गुरुवारी तो ऑफिसातून तासभर आधी निघाला आणि शाळेत गेला. मिसेस डोनाह्यू फळा पुसत होत्या. कपाटापाशी कॉनर उभा होता. लाल केस, डोक्यावर बेसबॉलची टोपी. बोस्टनचा संघ श्याऐंशी वर्षांनी जिंकला होता, आणि त्या वर्षी ती टोपी काढायला मुलांना कोणी सांगत नव्हतं.

"मॅडम," दिगंबर म्हणाला, "मला माझ्या मुलीचं मरण परत हवंय."

मिसेस डोनाह्यूंनी डस्टर खाली ठेवलं. "मिस्टर नाकाडे, मी एकोणीस वर्षं हा कार्यक्रम करते. मुलाला वाचवा म्हणून दरवर्षी पालक येतात. मारा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

"चूक माझी आहे."

"पण चिठ्ठी आता कॉनरची आहे. तो देत असेल तर माझी हरकत नाही."

दिगंबर कॉनरकडे वळला. अमेरिकेत त्याने बऱ्याच वाटाघाटी केल्या होत्या, पण समोरच्याच्या हातात शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच असलेली ही पहिलीच.

"नो वे," कॉनर म्हणाला. "मला मरायचंच होतं. मर्सी नुसती कणसं सोलते."

"तू कसा मरणार आहेस?"

कॉनरने सँडविच बाकावर ठेवलं, "आह्" म्हटलं आणि आडवा झाला. दोन सेकंद.

"माझ्या वडिलांना नऊ मिनिटं लागतात," दिगंबर म्हणाला. हे वाक्य आपण आयुष्यात कधी अभिमानाने उच्चारू, असं त्याला वाटलं नव्हतं.

कॉनर जमिनीवरूनच त्याच्याकडे बघायला लागला. "नऊ? मिनिटं?"

"विष असेल तर अकरा."

"मला शिकवतील? शिकवणार असतील तर पेशन्स तिला देतो. पण मलाही मरायला मिळालं पाहिजे."

मिसेस डोनाह्यू खुर्चीत बसल्या. "खरं सांगू? त्या हिवाळ्यात निम्मी माणसं गेली होती. बावीसच्या हिशेबाने माझी अकरा जायला हवीत. पालकांच्या ईमेलमुळे मी तीनवर थांबते. वाईट वाटतं इतिहासाचं."

दिगंबरने मान खाली घातली. मग तो हळूच म्हणाला, "पालकांकडून फॉर्म भरून घेतला तर?"

त्या शाळेत फॉर्म भरून घेतल्यावर अशक्य असं काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मुलांच्या दप्तरांतून घरोघरी एक कागद गेला: 'माझ्या पाल्यास पहिल्या हिवाळ्यात मरण्यास माझी परवानगी आहे.' सोमवारपर्यंत सही होऊन सतरा कागद परत आले. सहा जणांना वेटिंग लिस्टवर ठेवावं लागलं. त्यातल्या एकाची आई फोन करून विचारत होती, की कोणी आयत्या वेळी वाचलं तर आमचा नंबर लागेल का.

पुढचा आठवडाभर नाकाड्यांच्या मागच्या अंगणात दुपारी साडेतीनला मरण्याचा क्लास भरला. दिगंबरला पानं गोळा करायची गरजच उरली नाही. अकरा मुलं त्यावर लोळत होती. मोरेश्वररावांचं इंग्रजी 'रजिस्टर' आणि 'मनीऑर्डर' यांच्यापलीकडे जात नव्हतं, पण इला भाषांतर करायला होती. त्यासाठी तिला त्या आठवड्यात इतकं मराठी बोलावं लागलं, जितकं ती गेल्या दहा वर्षांत बोलली नव्हती.

"हळू! हळू!" मोरेश्वरराव कॉनरवर ओरडत. "बस सुटली का तुही? इला, सांग त्याले. मरणारा मानूस लोकाइकडे पाहते, जमिनीकडे नाई. जमीन कुठी पळून नाई जात."

"ही सेज द ग्राउंड इज नॉट गोइंग एनिव्हेअर."

"आन खोकला पोटातून आला पाहिजे. गळ्यातून आला तं लोक कफ सिरप देतीन."

शैलजा खिडकीतून बघत होती. "शेजारचे पोलिसांना बोलावतील," ती म्हणाली, आणि बटाटेवडे तळायला घेतले. कॉनरने सात खाल्ले, तरी अशक्तपणाने अतिशय सुंदर मेला. बुधवारी फ्रिजवर जुनी पिवळी चिठ्ठी परत लागली, पेशन्स व्हिटलॉकची. हसऱ्या चेहऱ्याखाली नव्या पेन्सिलीने, डुगडुगत्या देवनागरीत लिहिलं होतं, 'थँक्यू बाबा'. दिगंबरने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि दूध आणायला बाहेर पडला, कारण शैलजा बघत होती.

कलोनियल डेला शाळेचा जेवणाचा हॉल भरला होता. पालक मागे, मुलं पुढे, कडेच्या टेबलावर टर्की. मोरेश्वरराव पहिल्या रांगेत, काळी टोपी आणि कोट घालून. आधी जहाज आलं, ते पुठ्ठ्याचं होतं. मग लोणी निघालं. मग हिवाळा आला. म्हणजे मिसेस डोनाह्यूंनी अर्धे दिवे घालवले, आणि माणसं मरायला लागली.

एरवी हा भाग दीड मिनिटाचा असायचा. पहिलं मरणच दोन मिनिटं चाललं. तिसऱ्याला एका आजीबाईंनी डोळे पुसले. कॉनर दोनदा कोसळला, दोनदा उठला, आपली टोपी आपल्या अजून न झालेल्या मुलाच्या नावे केली आणि तिसऱ्यांदा कोसळला, तेव्हा त्याचा बाप बाकावर उभा राहिला. मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघत होत्या. टर्कीवरची वाफ केव्हाच संपली होती.

शेवटी इला उरली. ती घाई न करता पुढे आली. समुद्राकडे, म्हणजे फायर एक्झिटकडे, तिने बराच वेळ बघितलं. मग खोकली, पोटातून. वेटिंग लिस्टवरची एक मुलगी आता मर्सी टॅपली झाली होती, तिला आपली कापडी टोपी, बॉनेट, दिली. वसंत आला की कणसं पेर, दोन माझ्या नावाची पेर, असं तिला सांगितलं. गुडघ्यावर आली. आणि मग त्या गर्दीत बापाला शोधून, त्याच्याकडे बघत, मराठीत म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं."

हे नाटक आहे, हे दिगंबरला माहीत होतं. वाक्य कोणी शिकवलंय तेही माहीत होतं. तरी फेरविचाराचा अर्ज आता कुणाकडे करायचा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. इला पडली. हाताची बोटं एकेक करून उघडली, करंगळी शेवटी.

आणि हॉलमधल्या त्या शांततेत दिगंबर नाकाडे, सीनियर डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ज्याने आठवीत मांडवात उभं राहून पडदे मोजले होते, तो उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"वन्स मोअर!"

सगळं श्रूजबरी वळून बघायला लागलं. शैलजाने कपाळाला हात लावला. पेशन्स व्हिटलॉकने, मेलेल्या अवस्थेत, एक डोळा उघडला आणि पहिल्या रांगेत बघितलं. मोरेश्वररावांनी गंभीरपणे मान हलवली. पब्लिकने मागितलं की नाही म्हणायचं नसतं. तीस वर्षांत ते स्वतः कधी म्हणाले नव्हते.

इला उठली, परकरावरची धूळ झटकली, मर्सीकडून बॉनेट परत मागून घेतली आणि खोकायला लागली. तिच्या मागोमाग कॉनर उठला. मग बाकीचे नऊही उठले.

टर्की शेवटी थंडच खावी लागली.